बॉक्सच्या पोटात काय भरायचं

गंगाखेड
१२ मे २०२५

विरेश भावजी,

त्रिवेणीचा शरणार्थ. घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. कामाचं विचारायचं आहे, दुसरं काही नाही.

तुमचा हैद्राबादचा पत्ता आत्याबाईंकडून घेतला. दिवाळीला तुमी तुमच्या आईला साडी पाठवली, तिच्या पार्सलावर होता. साडी त्यांनी अजून नेसली नाही, पण पत्त्याचा तुकडा कातरून देवघरात ठेवलाय. तुमचा जुना नंबर लागत नाही, म्हणून पत्र.

वरातीचा साउंड आता आपल्याकडं नाही. मोठे बेस, टॉप, जनरेटर, सगळं मागच्या वर्षी परळीच्या पार्टीला देऊन टाकलं. तुमचे अण्णा आता दुकानात बसून स्पीकरचे लहान बॉक्स बनवतात, हॉटेलांसाठी, शाळांसाठी, देवळांसाठी. हात तर तुमाला माहीतच आहे त्यांचा. सांध्यात कागद जाणार नाही असं काम.

वालूरला, आत्याबाईंच्या माहेरी, मठाचं नवं सभागृह झालंय. श्रावणात तिथं महिनाभर पोथी असते, गुरुपाद आप्पा वाचतात. वर पत्रे, भिंती कोऱ्या, नि मागं बसणाऱ्या बायांना आवाज येतो पण शब्द येत नाही. आत्याबाई गेल्या साली सगळा महिना बसल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "बसून पाय दुखले, पण अध्याय कळला न्हाई. नुसतं घुमायलंय." म्हणून दोन चांगले बॉक्स करून द्यायचं ह्यांनी कबूल केलंय. पोथी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी लागते.

पहिला बॉक्स तयार झाला तेव्हा आप्पा स्वतः दुकानात आले. माईकवर चार ओळी म्हणून बघितल्या. आप्पा भिडस्त माणूस. म्हणाले, "शंभुराज, बॉक्स देखणा झालाय. फक्त मला असं वाटायलंय, मी हंड्यात तोंड घालून बोलायलोय."

हे हसले. म्हणाले, "म्हंजे आवाज भारी येतोय ना?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी चहा आणायला आत गेले.

आप्पा गेल्यावर मी ह्यांना म्हणाले की खरंच हंड्यातनं आल्यावानी येतंय. "तुला काय कळतंय त्यातलं," म्हणाले नि कटर चालू केलं.

तुमी इथं होतात तेव्हा बॉक्सच्या आत काहीतरी काळं चिकटवायचात, नि पोटात काहीतरी भरायचात. वरातीच्या बॉक्सचे एवढे लाड कशाला म्हणून अण्णा हसायचे. ते काय होतं, कसं करायचं, एवढं कळवा.

पत्र लिहिल्याचं ह्यांना सांगितलेलं नाही. उत्तर शेजारच्या राजेश्रीच्या शिलाईच्या दुकानावर पाठवा, खाली पत्ता दिलाय.

तुमची वहिनी,
त्रिवेणी


गंगाखेड
३ जून

विरेश भावजी,

शरणार्थ. तुमचं कार्ड राजेश्रीनं ब्लाउजच्या पिशवीत घालून आणून दिलं. चार ओळी कामाच्या नि खाली एक प्रश्न. बाकी कुणाची विचारपूस नाही. असो, चार ओळी तरी आल्या.

"बॉक्स दोन जागी बोलतो. एक त्याच्या भिंती, दुसरी आतली हवा. आधी भिंती गप्प करा, मग हवा." हे मला आवडलं. सासरच्या घराला पण लागू आहे.

तुमी लिहिलेली ज्वारीची परीक्षा केली. ह्यांना सांगितलं की मोबाइलवर बघितलं. बॉक्स आडवा पाडला, मोबाइलवरून जाड, सलग सूर सोडला नि वरच्या फळीवर मूठभर ज्वारी पसरली. हे लांब उभे, हाताची घडी घालून. सूर हळूहळू चढवत नेला, तसे एका ठिकाणी मधले दाणे तडातडा उड्या मारून कडेला पळाले. मध्ये फळी साफ उघडी पडली. हे पुढं आले. तळवा टेकवला फळीला.

"आयला, मुंग्या यायल्यात हाताला," म्हणाले. "एवढी जाड प्लाय नि कागदावानी हलायलीय."

त्या दिवशी दुपारी जेवायला सुद्धा आले नाहीत. आधी बारदाना फेविकॉलनं चिकटवून बघितला. दाण्यांना काही फरक नाही, तसेच नाचले. मग ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले, तेव्हा जरा मंदावले. मग तुमी लिहिलेली डांबरी शीट, स्लॅबवर पाणी गळू नये म्हणून टाकतात ती. ती गरम करून दाबायला रूळ नव्हता, तर माझं लाटणं नेलं. आता त्या लाटण्याची पोळी कुणी खाईल का? मी नवं आणून द्या म्हणाले तर हे म्हणतात, "वालूरचं काम होऊ दे."

शीटनं दाणे निम्मे शांत झाले. मग समोरासमोरच्या भिंतींना धरून आतून आडवी पट्टी मारली, बरोबर मध्यावर नाही, जरा बाजूला, तुमी लिहिलं तशी. पुन्हा ज्वारी. दाणे जागच्या जागी थोडे थरथरले, बस. हे बोटं टेकवून फळीभर फिरवत होते, आपण तापलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवतो तशी. "हितं न्हाई. हितं बी न्हाई. हितं जरा हाय." जिथं "हाय" म्हणाले तिथं आणखी एक तुकडा.

इतकं खुशीत मी त्यांना वर्षभरात बघितलं नव्हतं.

तुमी कार्डाच्या शेवटी विचारलंय, अण्णाला नीट ऐकू येतं का. त्याचं नंतर लिहीन. आज राजेश्रीकडं गर्दी आहे, पत्र तिच्याच हाती पोस्टात द्यायचंय.

त्रिवेणी


गंगाखेड
२० जून

विरेश भावजी,

शरणार्थ. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, मग कामाचं.

नाही. ऐकू येत नाही. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. मला मागच्या उन्हाळ्यापासून माहीत आहे. कुकरची शिट्टी होते नि हे शेजारी बसून पेपर वाचतात. पाठमोरे असले की मी हाक मारत नाही, समोर जाऊन उभी राहते. गिऱ्हाईक काही बोललं की मीच मध्ये पडून तेच पुन्हा म्हणते, जसं काही मलाच नीट कळलं नाही. वरातीत इतकी वर्षं बॉक्सच्या तोंडाशी उभं राहून हे झालं, हे तुमीच पहिल्यांदा बोललात. दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर बोललात नि त्यांनी तुमाला दुकानाची पायरी चढू नको म्हणून सांगितलं. तेव्हा मला वाटलं होतं की तुमी रागात बोललात. पुढं घरात रोज बघायला लागले तेव्हा कळलं.

ह्यांना मात्र कुणी सांगितलं नाही. आमी सगळे समोर जाऊन उभे राहतो.

आता कामाचं. भिंती गप्प झाल्या, तशी हवा राहिली. रुईचा व्यापारी बन्सीधर ह्यांचा दोस्त, त्याचं गोदाम सध्या रिकामं आहे. वर पत्रे, आत घुमतं, वालूरच्या हॉलसारखंच. बॉक्स एका टोकाला ठेवला, मी दुसऱ्या टोकाला वही घेऊन बसले. आत्याबाई बाहेरच्या केबिनमध्ये माईकपुढं. त्यांना सांगितलं, सारखे वाटणारे शब्द म्हणा, उलटसुलट करून. साप, ताप, चाप. दात, हात, जात. सण, तण, शेण. शेण म्हणताना त्या हसायच्या नि परत म्हणायच्या. जे ऐकू आलं ते मी लिहायचं, मग त्यांच्या यादीशी ताडून बघायचं. जेवढ्या चुका कमी तेवढा भरणा चांगला. ही युक्ती माझी, तुमच्या कार्डात नव्हती.

बॉक्स रिकामा असताना माझ्या चुका इतक्या, की शाळेत मला उभं केलं असतं.

मग बन्सीधरनं पिंजलेला कापूस दिला. लय छान आवाज झाला. पण ह्यांनी तोच बॉक्स टेम्पोत टाकून गावाबाहेर खड्ड्यांतून फिरवून आणला. उघडून बघतो तर कापूस सगळा तळाशी बसलेला, वरचं पोट रिकामं. शिवाय आत्याबाई म्हणाल्या, उंदराला बाळंतपणाला जागा झाली. कापूस बाद.

उशीतला फायबर भरला. बसत नाही, उंदीर खात नाही, पण फारच हलका. वरचे शब्द सुटे झाले, खालचा सूर तसाच घुमायचा. जास्त कोंबला तर आवाजच मेला, आत्याबाई घोंगडं पांघरून बोलायल्यात असं वाटलं. त्यावरूनच मला एक सुचलंय, पण ते जमलं की लिहीन.

मग काचेची लोकर. साखर कारखान्यात वाफेच्या पाइपांवर गुंडाळतात ती, ओळखीनं आणली. चुका सगळ्यात कमी तिच्यात. पण ह्यांचे हात दोन दिवस खाजत होते. नि वाजवल्यावर पुढच्या भोकातून बारीक चकचकीत धूळ उडाली, कवडशात दिसली मला. मी काही बोलायच्या आधी हेच म्हणाले, "ह्याच्या खाली म्हाताऱ्या बाया तोंड वर करून बसणार. न्हाई वापरायची." काढून टाकली.

काल पुन्हा फायबरची पाळी होती, कमी भरून बघायचं होतं. हे म्हणाले, "आण कागद. मीबी लिहितो. दोघांचं जुळलं म्हंजे पक्कं."

मी वहीचं पान फाडलं. कागद दिला.

आत्याबाईंनी शब्द म्हटले. मी लिहीत होते नि डोळ्याच्या कोपऱ्यातून ह्यांचा हात बघत होते. हात थांबायचा, मग घाईनं काहीतरी लिहायचा. संपल्यावर यादी आणली. साप होता तिथं ह्यांनी ताप लिहिलेलं. सण होता तिथं मन. बऱ्याच जागा कोऱ्याच.

"फायबर बेकार हाय," म्हणाले. मग माझा कागद ओढला. माझा जवळपास सगळा बरोबर.

दोन्ही कागद शेजारी धरून लय वेळ बघत राहिले. मग आत्याबाईंना आत बोलावलं. "आई, हितं माझ्या म्होरं बस. माईक नको. बॉक्स बंद कर गं. आता म्हण."

आत्याबाई समोर, हातभर अंतरावर. ह्यांनी मान खाली घातली, नजर कागदावर. त्या एकेक शब्द म्हणत गेल्या, हे लिहीत गेले. लिहून झालं तसं कागद आईच्या हातात दिला. आत्याबाईंना वाचता येतं, तुमाला माहीत आहे. त्यांनी वाचला. घडी घातली. म्हणाल्या, "शंभू, जेवायला चल."

पण ती हाक त्यांना पोचली नाही. मान खालीच होती. आत्याबाईंनी उठून खांद्याला हात लावला, तेव्हा उठले.

सकाळी उठून गोदावरीकडं गेलेत. तुमी लिहू नका काही, मीच कळवते.

त्रिवेणी


गंगाखेड
८ जुलै

विरेश भावजी,

शरणार्थ. काळजीत ठेवलं तुमाला, पण इकडं एकामागून एक होत गेलं.

त्या दिवशी नदीवरून आले ते सरळ दुकानात. मी चहा नेला. म्हणाले, "तुला माहीत होतं?" मी समोर उभं राहून हो म्हणाले. "आईला?" हो. "बन्सीधरला?" मी मान डोलावली. ह्यांनी रंधा हातात घेतला नि म्हणाले, "म्हंजे मला सोडून सगळ्या गंगाखेडला." रागात नाही म्हणाले. थोडंसं हसूच आलं त्यांना.

परभणीला जाऊन कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, टूं टूं वाजलं की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडं बरी, उजवीकडं घसरत गेलेली. म्हणाल्या, खालचे जाड आवाज शिल्लक आहेत, वरचे बारीक गेलेत. स, श, त, फ ह्यांची धार वरच्या आवाजात असते. गेलेलं परत येणार नाही, पण मशीन लावून बराच फरक पडेल. ह्यांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "बाई, ज्वारीचे दाणे नाचतात तो आवाज ह्यात कुठं?" त्यांना काही कळेना. मी समजावून सांगितलं तर त्यांनी रेघेची डावी बाजू दाखवली. "म्हंजे तेवढं माझ्याकडं हाय," म्हणाले.

मशीन लावून घरी आले. पहिलं वाक्य, "कढई रोज एवढी खडखड करती का?" मी म्हणाले, करती. दुसऱ्या दिवशी राजेश्रीच्या शिलाई मशीनवर कावले. कधी लावतात, कधी खिशात ठेवतात. जबरदस्ती करायची नाही असं मी ठरवलंय.

काम आता असं वाटून घेतलंय. फळीचा थरकाप त्यांनी बोटांनी बघायचा, शब्द मी कानांनी. आता गिऱ्हाइकासमोर पण सांगतात, "थांबा, आवाजाचं बायकोला विचारतो." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला कुठं बघावं कळेना.

नि भरण्याचं जमलं. घोंगडी! जाडीभरडी धनगरी घोंगडी होती माळ्यावर, कसर लागलेली. चांगला भाग कापला, उसवून लोकर मोकळी केली, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवली. कसर पुन्हा लागू नये म्हणून डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून आत टांगल्या. लोकर खाली बसू नये म्हणून मच्छरदाणीचं कापड खिळ्यांनी ताणून कप्पे केले. मागच्या भिंतीला जाड थर, बाजूंना पातळ, स्पीकरच्या पाठीमागं थोडी मोकळी जागा. बोलून बघितलं तर आत्याबाईंचा आवाज असा आला, की मी वही सोडून केबिनकडं बघितलं. त्या बाहेर आल्यात की काय असं वाटलं. शेण आणि सण, दोन्ही वेगवेगळे.

आता मुद्द्याचं. काल लोकर भरताना ह्यांनी वर न बघताच विचारलं, "ज्वारीचं मोबाइलवर बघितलंस म्हणालीस. डांबरी शीट पण मोबाइलवर?"

मी खोटं बोलले नाही. म्हणाले, भावजींना पत्र टाकलं होतं.

हातातली लोकर तशीच राहिली. मशीन कानात होतं, म्हणजे ऐकलं होतं. मग ती मुठीत दाबत म्हणाले, "त्याला विचार, किती दाबून भरायची. मला अदमास येईना."

तर विचारते आहे. किती दाबून भरायची?

पोथी २८ तारखेला लागते, संध्याकाळी. आत्याबाई आठवडाभर आधीच वालूरला जाऊन बसणार आहेत. या म्हणत नाही, तुमाला सुट्टी नसते. तारीख कळवली.

त्रिवेणी


गंगाखेड
१ ऑगस्ट

विरेश भावजी,

शरणार्थ. तुमचं उत्तर आलं होतं, ह्या वेळी दुकानाच्याच पत्त्यावर. "मुठीत धरून सोडली की आपोआप फुगली पाहिजे, तेवढीच." पोस्टमननं ह्यांच्याच हातात दिलं. वाचून खिशात ठेवलं, मला दाखवलं नाही. मी नंतर शर्ट धुवायला घेतला तेव्हा बघितलं.

सोमवारचं सांगते. सकाळीच टेम्पोनं गेलो. दोन्ही बॉक्स पुढच्या भिंतीला, दोन बाजूंना, उंचावर टांगले. तारा ओढून झाल्या तसं किशनरावनं, हॉलची किल्ली ज्याच्याकडं असते त्यानं, आमाला जेवायला तुमच्या मामांकडं पाठवलं. यायला संध्याकाळ झाली, हॉल भरत आला होता.

पोथी सुरू झाली नि हे मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले, बायांच्या मागं. मशीन कानात होतं, पण पत्र्यांच्या त्या हॉलमध्ये त्यांना काही नीट कळत नव्हतं. मला खुणेनं सांगितलं. मी जवळ जाऊन उभी राहिले. तर म्हणाले, "तू नको सांगू. मी बायांकडं बघायलोय."

शेवटच्या रांगेत कस्तुराबाई बसलेल्या, आत्याबाईंच्या मावसबहीण. त्या दरवर्षी शेजारणीला कोपरानं ढोसून "काय म्हणले? काय म्हणले?" करतात. मी पण त्यांच्याकडंच बघत होते. कोपर हललं नाही. मग आप्पांनी मध्येच एक गमतीची गोष्ट सांगितली, चोराची नि त्याच्या बायकोची. भावजी, गेल्या साली हसू पुढच्या रांगेतून उठायचं नि मग एकमेकींना विचारत विचारत मागं यायचं, मागं पोचेपर्यंत आप्पा पुढच्या ओवीवर. ह्या वेळी हसू एकदमच उठलं, सगळ्या हॉलमध्ये. कस्तुराबाईंचं तर सगळ्यांत मोठं. तेवढं ह्यांना पण ऐकू आलं असावं. दाराच्या चौकटीला पाठ टेकून खाली बसले नि आरतीपर्यंत उठले नाहीत.

आत्याबाई त्या दिवशी तुमची साडी नेसल्या होत्या. तुमाला कळलं पाहिजे म्हणून लिहिते. पण तुमाला ते माहीत आहे, हो ना?

मंगळवारी सकाळी आमी निघायच्या आधी हे तारा बघायला हॉलमध्ये गेले, मी सोबत. मध्यभागी उभं राहून वर बघितलं नि थांबले. आमी दोन्ही बॉक्स सरळ समोर तोंड करून टांगले होते. उजवीकडचा तसाच होता. डावीकडचा आत वळलेला, खाली जरा वाकलेला, बरोबर मागच्या बायांच्या जागेकडं तोंड. खालची पट्टी नव्यानं आवळलेली.

"हे कुणी केलं?" ह्यांनी विचारलं.

किशनराव झाडत होता. म्हणाला, "तुमी जेवायला गेलता तवा तुमचे भाऊ आलते की. हैद्राबादहून. शिडी मागितली, एका बाजूचं केलं, दुसरीकडं शिडी लावायच्या आत तुमचा टेम्पो फाटकात दिसला. तसे मागल्या दारानं गेले. मला वाटलं तुमाला भेटले असतील. पोथी होईस्तवर भाईर पारावर बसले होते. आरतीच्या आधी उठले."

मी ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, सगळं पुन्हा सांगायला. त्यांनी हातानं थांबवलं. कळलं होतं.

बॉक्सकडं बघत राहिले. मग मागच्या रांगेत, जिथं कस्तुराबाई बसल्या होत्या तिथं जाऊन खाली बसले, नि तिथून बघितलं. उठून पुन्हा पुढं आले. "शिडी आण," किशनरावला म्हणाले. वर चढायला मी नको म्हणत होते, पण ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण मानलं नाही. उजवीकडच्या बॉक्सची पट्टी सैल केली, तळव्यानं थोडा थोडा ढकलत आत वळवला. पुन्हा पुन्हा डावीकडच्याकडं वळून बघत होते, अगदी तेवढाच कल यावा म्हणून. मला खालून विचारलं, "सारखा झाला का?" मी म्हणाले, झाला. तरी आणखी एकदा बघितलं नि मगच आवळला.

खाली उतरून हात पुसले. आमी टेम्पोत बसलो. जिंतूर रस्त्याला लागल्यावर खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "त्याला लिही."

मी विचारलं, काय लिहू?

"लिही, उजवीकडचा मी फिरवला."

त्रिवेणी